घरासाठी काढून ठेवलेलं तेल

माझे वडील सहादू सातपूरच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये एकतीस वर्षं कढईवर उभे आहेत. पिठाचा थेंब टाकून तेल तापलं का ते सांगतात आणि तेल थकलं तर त्यांना वासावरूनच कळतं. फेस वाढला, रंग काळपट झाला की कढई उतरवून नवं तेल ओततात. "आपल्या वड्यानं कुणाचा घसा धरला नाय पायजे," असं त्यांचं म्हणणं. कामात इतका चोख माणूस, पण घरी स्वतःचा टॉवेल सापडत नाही. याचा मला रागही येतो.

गेल्या हिवाळ्यात आईला, लताबाईंना, जिना चढताना दम लागायला लागला. तपासलं तर साखर, रक्तदाब, रक्तातली चरबी, कमरेचा घेर, सगळंच थोडंथोडं वाढलेलं. एकेक सुटं असतं तर डॉक्टर एवढे गंभीर झाले नसते, पण सगळं एकत्र आलं होतं. आईच्या डोळ्यांसमोर मात्र एकच चित्र होतं, तिची इगतपुरीची थोरली बहीण वत्सलाबाई. अशीच दुखणी अंगावर काढता काढता मावशीला पक्षाघात झाला आणि चार वर्षं ती अंथरुणावर आहे. तिला घास भरवावा लागतो. "माझ्यावर ती पाळी येऊ देऊ नका," आई म्हणाली. तेव्हापासून आमच्या घरात भीती मुक्कामालाच आली.

आहारतज्ज्ञ ज्योत्स्ना मॅडमनी तक्ता दिला. आईनं साखरेचा चहा सोडला, भात एका वाटीवर आणला. बुद्धपौर्णिमेला विहारात खीर मिळाली, तेव्हा तिनं वाटी थोडा वेळ हातात धरली आणि माझ्याकडे सरकवली. भाजीला मोजून दोन चमचे तेल. मी रोज सगळं वहीत लिहायचे आणि एखादा घास जास्त झाला की पोलिसासारखी टोकायचे. आता त्याची लाज वाटते.

तीन महिन्यांनी रिपोर्ट आला. साखर जराशी उतरली होती, बाकी सगळं होतं तिथंच. आई रडली नाही. "आता आणखी काय सोडू गं, चैताली?" एवढंच तिनं विचारलं.

आम्ही तिघंही मॅडमकडे गेलो. वही चाळता चाळता त्यांनी विचारलं, "तेल कुठलं वापरता?"

पप्पा खुर्चीत सरसावून बसले. "चांगलं सूर्यफुलाचं, मॅडम. मीच आणतो कँटीनमधनं. तळून झालेलं ठेकेदार टाकूनच देतो, मग मी गाळून घरासाठी काढून ठेवतो. वाया कशाला घालवायचं?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "काका, पुन्हा पुन्हा तापवलेलं तेल बिघडतं. ते पोटात गेलं की गंज चढावा तसं शरीराचं आतून नुकसान करतं. धडधाकट शरीर ते बरंचसं सावरून घेतं. काकूंसारखं सगळं एकत्र वाढलेलं असलं की शरीरावर हा ताण आधीच जास्त असतो, त्यात ही रोजची भर. पालेभाज्या, डाळी, फळं मी सांगते ती हे नुकसान रोखायलाच. एकट्या तेलानंच सगळं झालं असं नाही म्हणणार, पण ते आजच बंद करा."

मला राहवलं नाही. "पप्पा, ते तेल तुम्ही कढईतनं काढता कशाला?"

"खराब झालं म्हणून."

"मग?"

"गिऱ्हाईकाला कसं चालंल ते," पप्पा म्हणाले, आणि म्हणता म्हणता थांबले. मग त्यांनी आपले दोन्ही हात पँटला पुसले.

रिक्षात आई माझ्या कानाशी म्हणाली, "त्यांना बोलू नकोस. त्या तेलाचा वास मलाही यायचा. पण त्यांच्या अंगालाही तोच वास असतो ना. मला तो घरचाच वाटायचा."

घरी येताच पप्पांनी त्या जुन्या तेलाचा कॅन बाहेर नेऊन ठेवला. येताना तेलाची नवी पिशवी आणली, कात्रीनं कोपरा कापला आणि चमचा भरला. दोनदा नाकाशी नेला. मग पातेल्यात न ओतता आईपुढे धरला.

"तू बघ गं," ते म्हणाले. "मला आता कळंना झालंय."