वारा पडला की शिव्या गुंडप्पाला

आमच्या गावच्या वीज उपकेंद्रात गुंडप्पा ऑपरेटर आहे, आणि गावाच्या मते वारासुद्धा तोच सोडतो. शेजारच्या वाशीच्या माळावर पवनचक्क्या वाढल्या तसा त्याचा छळ वाढला. जेवढी वीज तयार होते तेवढीच त्या घडीला खपली पाहिजे, हे तराजूचं गणित. वारा अचानक पडला की पारडं कलतं, वरून फोन येतो आणि गुंडप्पाला शेतीचा फीडर, म्हणजे शेतांकडं जाणारी वीजवाहिनी, बंद करावा लागतो. वारा उठला की तितक्याच घाईनं ‘चालू करा’. गावाला दिसायचं एवढंच, की पवनचक्क्या दारात आणि मोटार बंद.

पूर्वी एक बरी रीत होती. विहिरीत उतरणारा आधी गुंडप्पाला फोन करायचा, "म्या हिरीत उतरतोय, लाइट सोडू नको." मग वरचे कितीही ओरडले तरी तो थांबायचा.

यंदा ऊस वाळायला लागला आणि लिंबाजी या बड्या बागायतदारानं पारावर फर्मान काढलं, "त्या गद्दाराशी कुणी बोलायचं न्हाय." गावानं मान डोलावली. अक्कल चालवायला आम्ही नेहमीच मागं, मान डोलवायला पुढं. गुंडप्पाही इरेला पेटला. लाइट सोडण्याआधी तो गावाच्या ग्रुपवर कळवायचा, ते त्यानं बंद केलं. त्याचा धाकटा भाऊ शिवानंद एकाच घरात राहून, एकाच चुलीवरचं खाऊन, गावाच्या धाकानं त्याच्याशी बोलेनासा झाला.

परवा दुपारी वारा पडला, फीडर बंद झाला. शिवानंदची पाणबुडी मोटार विहिरीत गाळात रुतली होती. लाइट गेलीच आहे तर गाळ काढून घेऊ, म्हणून तो उतरला. ऑटो स्विच तसाच चालू होता. आम्ही सगळेच तो तसा ठेवतो, लाइट आल्या आल्या मोटार चालू व्हावी म्हणून. फोन त्यानं काठावर काढून ठेवला, भावाला लावला मात्र नाही.

वारा पुन्हा उठला. वरून फोन आला आणि गुंडप्पानं फीडर सोडला. केबलचा जोड उघडा पडला होता. पाण्यात करंट उतरला.

शिवानंदच्या मातीला अख्खा गाव होता. लिंबाजी पुढं होऊन हळहळला, "गुंडप्पाला एक फोन करायचा की रं लेकरानं!" आणि आम्ही पुन्हा माना डोलावल्या. मला आमची सगळ्यांची किळस आली.

गुंडप्पा लिंबाजीच्या अंगावर धावून जाईल असं वाटलं होतं. पण तो आपल्या आईपुढं, इरम्मापुढं, जाऊन बसला. "अव्वा, त्यानं कळवलं असतं तर म्या लाइट सोडली नसती," म्हणाला.

म्हातारीनं डोळे पुसले नाहीत. "आन् तू?" ती म्हणाली. "सोडायच्या आधी घरला एक फोन केला असतास, तर म्या सांगितलं असतं की, तो हिरीत हाय म्हणून."