बांधावरची मूठ

रिक्षाच्या बाहेर काढलेला, कोपरात वाकवलेला उजवा हात आणि वर केलेली तीन बोटं. मामा आठवले की मला आधी ती बोटं आठवतात, चेहरा मागाहून येतो.

आमच्या गावाहून बोर्लीला जाताना मध्ये खाजण, म्हणजे भरतीच्या पाण्याची दलदल, लागतं. त्यातून अर्धा किलोमीटर लांबीचा बांध गेला आहे आणि रस्ता त्या बांधावरूनच. रुंदी एका गाडीपुरती. दोन्ही बाजूंना चिखल आणि तिवरं, आणि मधोमध असं वळण की या टोकाचं त्या टोकाला दिसत नाही. दोन गाड्या समोरासमोर आल्या तर एकाला मागे जावं लागतं, आणि मागे जाणं कुणाला आवडतं, तुम्हीच सांगा. म्हणून इथल्या ड्रायव्हर लोकांची एक पद्धत आहे. बांधावरून बाहेर पडणारा पहिला ड्रायव्हर थांबलेल्यांना बोटं दाखवतो. तीन बोटं म्हणजे माझ्यामागे तीन गाड्या आहेत, थांबा. शेवटचा मूठ दाखवतो. मूठ म्हणजे मागे कुणी नाही, या. एका वेळी पाच गाड्या सोडायच्या, सहाव्याने थांबायचं. ना पाटी, ना पोलीस, ना कुठे लिहिलेलं. पद्धत जुनीच होती, पण पर्यटकांच्या गाड्या वाढल्यावर ती केव्हाच बुडाली असती. मामा दोन्ही टोकांना उतरून, खिडक्यांवर टकटक करून, नव्या माणसाला ती समजावून सांगायचे. निम्मे लोक काच खाली करायचे नाहीत.

मामा, म्हणजे अख्ख्या गावाचेच मामा, सहा सीटर रिक्षा चालवायचे. सहा सीटर म्हणजे आमच्याकडे नऊ माणसं आणि एक मासळीची पाटी. मी बोर्लीच्या शाळेत गणित शिकवते आणि बरीच वर्षं मी त्यांच्याच रिक्षाने गेले. गावातल्या बाकीच्या रिक्षांचे इंडिकेटर म्हणजे नुसती शोभा. मामांचे चारही दिवे चालायचे. सकाळी पहिल्या फेरीआधी ते त्यांना फडक्याने पुसायचे, आणि रिकाम्या रस्त्यावर वळतानाही न चुकता लावायचे.

एकदा मी म्हटलंच, "मामा, रस्त्यावर चिटपाखरू नाही. दिवा कुणाला दाखवताय?"

"कुनी न्हाय ह्ये आपल्याला कसं कळलं बाई? दिसत न्हाय, येवढंच कळलं."

गणिताच्या बाईने पुढे तो प्रश्न विचारायचंच सोडून दिलं.

पण राग यायचा, खोटं कशाला बोलू? मला घाई, मुख्याध्यापक घड्याळाकडे बघत दारात उभे, आणि मामा याला साईड दे, त्याला साईड दे. रस्ता ओलांडणाऱ्या म्हशीसाठी थांबायचे ते थांबायचेच, वर तिच्या मालकाला हात करायचे. "जाऊं दे त्येला, त्येला घाई असंल," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "आणि मला नाही का?" हे माझं.

एकदा आम्ही बांधाच्या पार मध्यावर असताना समोरून एक दांडगी गाडी घुसली. चूक सरळसरळ तिची. तरी ड्रायव्हर काच खाली करून वर आमच्यावरच ओरडला, "ए, पीछे ले!" मामांनी नऊ माणसांची रिक्षा पाव किलोमीटर उलटी नेली. मान मागे वळवलेली. ती गाडी धूळ उडवत बाजूने गेली तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावून तिला रामराम केला.

"सलाम कसला ठोकता त्याला?" मी कावले.

"त्येला आज कळलं न्हाय. पुढल्या टायमाला थांबंल."

"आणि नाही थांबला तर?"

"मंग त्याच्या पुढल्या टायमाला."

चक्रीवादळात त्यांची रिक्षा फणसाखाली चेपली. ती दुरुस्त होईपर्यंत काही महिने मामा सायकलवर होते आणि वळताना अगदी शाळेत शिकवतात तसा हात काढायचे. सायकल पंक्चर झाली त्या दिवशी तर कमालच झाली. चालत येत होते, आणि स्वतःच्या घराच्या बोळात वळताना त्यांचा डावा हात आपोआप बाहेर आला. आमचे हे तेव्हा वाडीत पडलेली सुपारीची झाडं आवरत होते. ते म्हणाले, "मामा, मागून हॉर्न देऊ का?" मामा इतके लाजले की विचारू नका.

ते एकटेच राहायचे. मी या गावात सून म्हणून येण्याआधीच त्यांची बायको गेली होती. कशाने, ते मी कधी विचारलं नाही.

मग तो डिसेंबरातला रविवार आला. सकाळचे अकरा वाजले असतील. आमचे हे वाडीला पाणी लावून आले आणि ओटीवर बसले ते बसलेच. अंगाला दरदरून घाम, डावा हात जड झाला म्हणाले. तोंडाचा रंग मला बघवेना. मी मामांना फोन केला. पाच मिनिटांत रिक्षा अंगणात. मागच्या सीटवर ह्यांना आडवं घातलं, डोकं माझ्या मांडीवर. डॉक्टर बोर्लीला, म्हणजे बांधाच्या पलीकडे.

आम्ही बांधाच्या तोंडाशी पोचलो आणि त्याच क्षणी समोरून दुधाचा टेम्पो बाहेर पडला. ड्रायव्हरचा हात बाहेर होता. चार बोटं.

मामांनी रिक्षा डावीकडे घेतली, इंजीन बंद केलं.

समोर वळणापर्यंत रस्ता मोकळा दिसत होता. मी ओरडले, "मामा, कुणी नाहीये! घाला गाडी!"

"चार हायत बाई."

"कुठे आहेत? माझं माणूस मरतंय इथे! तुमच्या घरचं असतं तर थांबला असतात का?"

हे मी बोलले. जिभेला हाड नसतं म्हणतात, ते त्या दिवशी मला पटलं.

मामांनी मागे वळून पाहिलं नाही. नजर वळणावर ठेवूनच म्हणाले, "येकदा घातली व्हती. मागं मंडळी व्हती, अशीच आडवी. समोरचा मागं जाईना आन् मी बी जाईना. म्हटलं, घाई माझी हाय, मंग मीच का जावं?" वळणावरून एक लाल गाडी आली. "येक," ते म्हणाले.

तेव्हा मला कळलं. त्यांची बायको याच बांधावर गेली होती, याच रिक्षावाल्याच्या मागच्या सीटवर, आणि मी त्यांना विचारत होते की घरचं माणूस असतं तर.

"दोन." पर्यटकांची गाडी, आत गाणी चाललेली.

ह्यांचा श्वास मला मोजता येत होता. मी तो मोजत होते आणि मामा गाड्या मोजत होते.

"तीन."

मग बराच वेळ काही नाही. किती, ते मला आजही सांगता येणार नाही. घड्याळात एखादं मिनिट असेल. रस्ता पुन्हा तसाच मोकळा, आणि मामांचे दोन्ही हात हँडलवर, पांढरे पडेपर्यंत आवळलेले. तेव्हा मला दिसलं की थांबणं त्यांना माझ्याइतकंच जड जात होतं. माझ्याहून जास्तच.

चौथी आली. पांढरी गाडी, मुंबईची. एक तरुण मुलगी चालवत होती. आम्हाला बघून तिने हात बाहेर काढला आणि चुकतंय की काय अशा चेहऱ्याने मूठ वळली. पलीकडच्या टोकाला कुणीतरी तिला नुकतंच सांगितलं असणार. मामांनी तिला कधी पाहिलं नव्हतं, तिनेही त्यांना नाही. त्या एका मुठीवर मामांनी रिक्षा बांधावर घातली.

इतक्या वर्षांत मामांना जोरात चालवताना मी तेव्हा एकदाच पाहिलं. वळण आलं, मी डोळे मिटले. समोरून काही आलं असतं तर मागे जायला वेळ नव्हता आणि बाजूला जायला जागा नव्हती. इतका भरवसा मी कधी देवावरही टाकलेला नाही.

वळणापलीकडे कुणी नव्हतं.

बांध संपला तिथे एसटी उभी होती आणि तिच्यामागे गाड्यांची ओळ, रविवारची, पार चिंचेच्या झाडापर्यंत. लोक उतरून उन्हात उभे होते, पोरं रडत होती. पण एकाही गाडीने बांधावर चाक ठेवलं नव्हतं. आमच्या ह्यांचं त्यांना काही माहीत नव्हतं, रिक्षात कोण आहे हेही माहीत नव्हतं. पाच गाड्या गेल्या म्हणून सहावा थांबला होता, बस्स. मी थक्क होऊन त्या ओळीकडे बघत राहिले. ती ओळ मामांनी उभी केली होती, किती वर्षं, एकेका खिडकीवर टकटक करून.

आणि त्या घाईतही मामांनी एसटीच्या ड्रायव्हरला मूठ दाखवली. त्या लोकांना तरी का ताटकळत ठेवायचं? पुढे दवाखान्याच्या वळणावर उजवा इंडिकेटरही लागला.

"वेळेत आणलंत," डॉक्टर म्हणाले. पुढे मोठ्या दवाखान्यात न्यावं लागलं, पण हे वाचले.

पंधरा दिवसांनी मी मामांकडे गेले. ते दिवे पुसत होते. मी म्हटलं, "मामा, त्या दिवशी मी नको ते बोलले."

"कवा? मला कायबी ऐकू न्हाय आलं बाई. इंजिनाचा आवाज केवढा असतो."

इंजीन तेव्हा बंद होतं, हे मला पक्कं आठवतं.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी मामा गेले. झोपेतच, कुणाला त्रास नाही. निरोप आला तेव्हा मी शाळेत होते. बोर्लीहून निघाले ती बांधाच्या टोकाशी येऊन थांबले, कारण आमचं स्मशान बांधाच्या बोर्लीकडच्या अंगाला आहे आणि मामांना गावातून बांधावरूनच आणत होते. आमच्याकडे बायका स्मशानात जात नाहीत. मी रस्त्याच्या कडेला एसटीशेजारी उभी राहिले. एसटीचा ड्रायव्हर केव्हाचा थांबून होता.

वळणावरून आधी गाडगं धरलेला पुतण्या दिसला, मग चौघांच्या खांद्यावर मामा. मागे गाव. रिक्षावाले, टेम्पोवाले, मासळीवाले, कितीतरी. तेवढ्यांना बोटं पुरली नसती. माणसं माझ्यासमोरून गेली, संपली असं वाटलं. ड्रायव्हरने गाडी सुरू केली आणि पुन्हा बंद केली.

"कुणी राहिलंय का बाई?" त्याने विचारलं.

राहिले होते. आमचे हे. डॉक्टरांनी भरभर चालायचं नाही म्हणून सांगितलंय, त्यामुळे सगळ्यांच्या मागे, एकटेच, एकेक पाऊल टाकत बांधावरून येत होते. एसटीपाशी पोचले तेव्हा त्यांनी वर ड्रायव्हरकडे पाहिलं. उजवा हात बाहेर काढला, कोपरात वाकवला आणि मूठ वळली.

ड्रायव्हरने कपाळाला हात लावून रामराम केला. रिकाम्या बांधावर गाडी घालण्याआधी त्याने इंडिकेटर दिला.