काळा पैसा तांब्याचा

पवनीच्या आठवडी बाजारात एक बाई जुनी नाणी विकायची. नाणं नेहमी कडेनं धरायची, छापाला बोट लागू द्यायची नाही. एकदा माझ्यासमोर शहरातल्या व्यापाऱ्यानं राणीछाप तांब्याचा पैसा उचलला.

"काळा पडलाय. चिंचेनं घासून दे, मग घेतो."

"हा मळ नाही भाऊ. याले पॅटिना म्हणतेत. शंभर वर्सं लागतेत चढाले. घासलं का गेलं नाणं."

तो हसला. "तुला कोणी शिकवलं?"

"तुमच्यासारख्याईनंच. पैले घासाले लावलं, मंग घासलेलं हाय म्हणून भाव पाडला."

त्यानं दुप्पट भाव सांगितला. बाईनं पैसा त्याच्या हातातून काढून फडक्यात गुंडाळला.

"तुमाले नाही विकत."

तिला दाखवायला मी आजोबांचा पैसा नेला होता, सकाळीच चिंचेनं लख्ख करून. तो खिशातून काढलाच नाही.