दिवाळीला भाव येईल

नाशिक जिल्ह्यात कांद्याच्या भावाकडे डोळे लावून बसलेली माणसं पुष्कळ आहेत, पण त्या भावात रेसिंग सायकल बघणारा इसम एकच, आणि तो माझा भाचा आहे. वय सतरा, मिसरूड नुकतं फुटलेलं, आणि आत्मविश्वास असा की भाव पडला तर चूक बाजाराची.

तो आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहतो, त्यामुळे त्याचं सायकलवेड मी फार जवळून सोसलं आहे. गंगापूर रोडच्या एका मुलाला आपली वाकड्या हँडलची, बारीक टायरांची सायकल विकायची होती. "दिवाळीपर्यंत थांबतो, मग दुसऱ्याला देईन," असं त्याने बजावलं होतं. सातपूरला कंपनीत असलेले माझे मेहुणे ती बघून आले आणि म्हणाले, "एवढ्या पैशांत जुनी स्कूटर येते. आणि हिला साधा स्टँडसुद्धा नाही? उभी कशी करायची?"

"बाबा, ती उभी करायला घेत नाहीत," भाच्याने शांतपणे समजावलं. मी हळूच पैसे देऊ केले, तर म्हणतो, "नको मामा. तुझ्या पैशांची सायकल तुझ्याच वेगाने चालेल."

उन्हाळ्याच्या सुट्टीत तो लासलगावजवळ आत्याकडे कांदा भरायला गेला. मजुरी द्यायची वेळ आली तेव्हा या पठ्ठ्याने पैसे घेतलेच नाहीत. "कांदेच दे आत्या, दिवाळीला भाव येईल." दारात टेम्पो उभा राहिला आणि माझी बहीण कपाळाला हात लावून बसली. गॅलरीत विटांवर फळ्या, फळ्यांवर कांदे, आणि भर उकाड्यात घरातला एकुलता एक टेबलफॅन त्या कांद्यांवर! सडलेला कांदा तो नुसत्या वासावरून हुडकून काढायचा. पावसाळा सरताना भाव खरंच चढला. शेजारच्या काकू पिशवी घेऊन आल्या, तर हा म्हणाला, "काकू, थोडं थांबा, अजून चढेल."

"अरे, मी घेणारी आहे. मला कशाला चढायला हवाय?" काकू म्हणाल्या आणि रिकामी पिशवी घेऊन परत गेल्या.

मग व्हायचं तेच झालं. भाव उतरला आणि कांद्यांना कोंब फुटले. दिवाळी तोंडावर आली होती. चांगले निघाले ते त्याने मुकाट्याने विकले, पण सायकलपुरते पैसे काही झाले नाहीत. टेबलफॅन त्याने आपणहून उचलून आईच्या खोलीत नेऊन ठेवला, आणि मला ते बघवेना. उरलेले कांदे निदान खताला तरी होतील म्हणून पोत्यांत भरून आम्ही माझ्या गाडीतून आत्याकडे नेले. तिने पोतं उघडून पाहिलं.

"कोंब आले म्हणून काय झालं रे? बियाण्याला असेच लावायचे. मला लय कमी पडत व्हते, बरं झालं आणले." आणि तिथल्या तिथे तिने पैसे काढून दिले. तिच्या कांदे साठवायच्या चाळीत बियाण्याचा कांदा आधीच निवडून रचलेला मला दिसला. भाच्यालाही दिसला असावा, कारण सणासुदीलाही न वाकणारा हा मुलगा तिच्या पायांशी वाकला.

सायकल आली. आता दर रविवारी पहाटे तो वणीच्या रस्त्याला लागतो. ही सायकल त्याला मिळावी म्हणून आम्ही सगळे झुरलो, पण मिळाल्यावर तो तिच्यावर बसून लांब जाणार, हे कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. हल्ली रविवारी मीही पहाटेच उठतो, गॅलरीत खुर्ची टाकून बसतो, आणि तो परत येईपर्यंत मला चहा गोड लागत नाही.