डहाळी मिळाली तो दिवस

जर्मनीत बॉबलिंगेनला राहायला आल्यावर आम्ही टीअरहाइममधून, म्हणजे बेवारस प्राण्यांच्या निवाऱ्यातून, एक कुत्री आणली. बेल वाजली तरी ती सोफ्याखाली शिरायची. शेजारचे शिकारी आजोबा म्हणाले, "नाक तिखट आहे हिचं. मला शिकवू द्या." मी पक्का शाकाहारी, तरी वर्षभर दर रविवारी त्या दोघांमागे जंगलात हिंडलो.

एकदा गाडीची धडक बसलेलं हरीण रानात पळालं. रक्ताचा माग काढत तिनं आम्हाला त्याच्यापाशी नेलं. आजोबांनी एका गोळीत त्याची तडफड थांबवली. ती जागची हलली नाही. शिकाऱ्यांच्या रिवाजाप्रमाणे शाबासकी म्हणून तिच्या पट्ट्यात फर वृक्षाची डहाळी खोचत आजोबा म्हणाले, "आता ही माझी जोडीदार."

मला तेव्हा त्या जोडीचा हेवा वाटला होता. आता दोघंही नाहीत, आणि त्या जंगलात एकट्यानं जाववत नाही.