उन्हाची शिकवणी

पल्लवीचा फोन आला तेव्हा ती तिवस्यात कुणाच्या तरी स्लॅबवर सोलरच्या प्लेटा बसवत होती. "मामा, सर गेले म्हणते... अन् मी वरतं हावो. डोळ्यातल्या पाण्यानं शिडी दिसून नाई राहिली. कशी उतरू?" मी म्हटलं, "कमरेचा पट्टा सोडू नको, शिडी धरून ये." तिचे सर म्हणजे माझे भाऊजी. त्यांनीही हेच सांगितलं असतं, फक्त आधी दोन शिव्या घातल्या असत्या.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, अकोटचे. जन्मभर वायरमनचं काम शिकवलं. निवृत्त झाल्यावर माणसानं देवळाच्या पारावर बसावं की नाही? यांनी कापसाच्या जुन्या जिनिंगमधली एक खोली घेतली आणि पोट्ट्यापोट्टींना सोलरचं काम शिकवायचा वर्ग काढला. पल्लवी त्यांच्या पहिल्या तुकडीतली. "सालेसाहेब," मला म्हणाले, "आपल्याकडे ऊन फुकट पडून राहिलं अन् पोट्टे कामासाठी पुण्याले पळून राहिले. हे काही बरं नाही बावा." मी हसलो. उन्हाच्या नावानं बोटं मोडण्यापलीकडे अकोटात कुणी त्याचं काही केलं होतं का?

सराव मात्र घरच्या स्लॅबवर. तिथंच ताईचं डोकं फिरलं. "साऱ्या स्लॅबवर तुमच्या प्लेटा! माह्या कुरड्या काय तुमच्या टकलावर वाळवू?" भाऊजींनी टकलावरून हात फिरवला आणि शांतपणे म्हणाले, "जागा कमी पडन."

पहिल्या तुकडीची परीक्षा घ्यायला अमरावतीहून साहेब आले. वर्गाला मान्यता मिळणार की कुलूप लागणार, ते त्याच दिवशी ठरणार होतं. आणि नेमका भर दुपारी खालच्या मीटरवरचा आकडा हलेना! पोरांनी खालचे एकूणएक जोड तपासले. भाऊजी घामाघूम, साहेबांची घड्याळाकडे नजर. शेवटी पल्लवी वर चढली आणि तिथूनच ओरडली, "सर, प्लेटा दिसूनच नाई राहिल्या... कुरड्या दिसून राहिल्या!"

ताईनं धोतरं अंथरून सगळ्या प्लेटांवर कुरड्या घातल्या होत्या. वर आम्हालाच म्हणते कशी, "तुमीच तं सांगता, तिथं ऊन सगळ्यात चांगलं लागते!" मला वाटलं, संपलं सगळं. पण साहेब पोट धरून हसत सुटले. "सावली पडली की वीज कमी होते, हे सगळेच पाठ करतात. हिनं वर जाऊन पाहिलं," म्हणाले, आणि वर्गाला मान्यता दिली. पुढे प्रत्येक तुकडीला भाऊजी सावलीचा धडा "एकदा तुमच्या काकूनं..." असा सुरू करायचे. ताईला कळलं की ती आठ दिवस त्यांच्याशी धड बोलायची नाही.

भाऊजी गेले तेव्हा या वर्षाची तुकडी निम्मीच शिकून झाली होती. दुसरं कोण शिकवणार? वर्ग बंद पडणार, हे मी धरूनच चाललो होतो. मागच्या रविवारी ताईला घेऊन खोलीला कुलूप लावायला गेलो, तर आत सगळी पोरं बसलेली आणि फळ्यापाशी पल्लवी. "मामा, दर रविवारी मी येतो ना शिकवाले. बंद नका करू." मी कुलूप पिशवीत टाकलं. सकाळपासून ती उभ्यानंच शिकवत होती. भाऊजींच्या खुर्चीला कुणी हातसुद्धा लावला नव्हता.

ताई डाफरली, "काहून उभी हायेस वं? बस त्या खुर्चीवर."

"काकू, ते सरांची..."

"म्हणूनच म्हणून राहिली. रिकामी दिसली का मले रडू येते."

पल्लवी बसली. तरी ताई रडलीच.