नत्थुजींचं नाक

राजापेठेतल्या नत्थुजींची उमर कापसाची प्रत ठरवण्यात गेली. कापूस हातात आला की ते आधी हुंगायचे. ओल कितीही लपवा, नाक सांगायचंच. किडक्या, डागी कापसाला ते म्हणायचे ‘कवडी’.

त्रेसष्ट साली अकोल्यात एका डॉक्टरांनी मेंदूच्या लहरी कागदावर उतरवणारं यंत्र आणलं. पट्ट्या वाचायला त्यांना सवड होईना, म्हणून त्यांनी नत्थुजींसारख्या पारख्याला नोकरीला ठेवलं. शंभर पट्ट्या मिरगीच्या, शंभर निरोग्यांच्या समोर टाकल्या आणि म्हणाले, “फरक तुमचा तुम्हीच शिका.”

नत्थुजी शिकले. हिवाळाभर शंभरात सत्त्याण्णव बरोबर! डॉक्टरांनी तपासणंच सोडून दिलं. खरी गोष्ट अशी, की मिरगीच्या पट्टीला कांद्याचा वास येतो हे नत्थुजींनी हेरलं होतं. झटका आला की घरचे रोग्याच्या नाकाशी कांदा फोडून धरतात आणि त्याच हातांनी पट्टी टेबलावर आणून देतात, इतका खोल विचार त्या भल्या माणसाने केला नाही.

वैशाख लागला आणि अकोल्यात मिरगीची साथच आली. जो येईल तो कवडी.

त्यातच नत्थुजींची लेक पंचफुला रिद्धपूरच्या जत्रेत उन्हाने चक्कर येऊन पडली. तिचं लग्न अचलपूरला ठरलेलं. मुलाचे वडील खुशालराव अडून बसले, “आमाले यंत्राचा कागद पायजे.” बापलेक घरून एसटीने अकोल्याला आले, खुशालरावही आले. पंचफुलाने आपली पट्टी पदरात धरून आणली. नत्थुजींनी ती हुंगली, मग पुन्हा हुंगली.

“कवडी हाय,” ते कसेबसे म्हणाले. खोटं बोलणं त्या नाकाला ठाऊक नव्हतं.

डॉक्टरांना दया आली. त्यांनी कितीतरी दिवसांनी स्वतः पट्टी पाहिली. “अहो, साफ आहे की! कशावरून म्हणता?”

“वास येते साहेब. कांद्याचा.”

पंचफुलाने पदराची गाठ सोडून कांदा टेबलावर ठेवला. “बाबा, हा तं तुमीच बांदला सकाळी. ऊन लागू नये म्हून.”

 खुशालरावांनी बंडीच्या खिशातून आपला कांदा काढून शेजारी ठेवला.

“मंग माही पट्टीबी कवडीच निघन,” ते म्हणाले. “लग्नाची तारीख काढा इवाईबुवा.”

नत्थुजी डोळे पुसत होते. कांदे दोन्ही सबंधच होते.